तांदळातले नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत लग्न लागून वधू सासरी आली, की लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि वर सोन्याच्या अंगठीने त्या तांदळांत तिचे नवे नाव लिहितो. नाव वराने निवडलेले असते. कधी त्याच्या आईने, कधी आत्याने. ते मोठ्याने वाचून दाखवले जाते, पेढे वाटले जातात, आणि जन्मापासून ज्या नावाला ती मुलगी ओ देत आली ते नाव त्या घटकेला मागे पडते. ताटातले तांदूळ नंतर डब्यात परत जातात. नाव मात्र शिधापत्रिकेवर जाते, मतदारयादीत जाते, बँकेच्या पुस्तकात जाते. आणि तेथून ते पुन्हा बाहेर काढणे किती कठीण असते हे ज्या स्त्रीवर तसा प्रसंग आला असेल तिलाच ठाऊक.

मराठी माणसाचे नाव तीन पदांचे असते : स्वतःचे, पित्याचे आणि आडनाव. पुरुषाची ही तिन्ही पदे पाळण्यापासून सरणापर्यंत तशीच राहतात. स्त्रीची तिन्ही बदलू शकतात. पहिले बदलण्याची चाल शहरांतून आता बरीच ओसरली आहे. परंतु दुसरे आणि तिसरे बदलायचेच, हे आजही इतके गृहीत धरलेले आहे की त्याविषयी विचारणा करणेसुद्धा कित्येकांना अनावश्यक वाटते. यात एक मौज आहे. पतीचे नाव पत्नीने तोंडाने उच्चारू नये असा दंडक ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला, आणि त्यातून वाट काढण्यासाठी उखाणा रचला, त्याच समाजाने ते नाव तिच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध बसवून ठेवले. उच्चारायचे नाही, पण प्रत्येक अर्जावर लिहायचे.

सुशिक्षित मध्यमवर्गात हल्ली या विषयाची चर्चा होते हे खरे. आडनाव बदलावे, जुनेच ठेवावे, की दोन्ही जोडून लावावीत, असा प्रश्न लग्न ठरलेल्या मुलींपुढे असतो आणि ज्याची त्याची आवड म्हणून तो सोडून दिला जातो. ही उदारता दिसायला चांगली आहे. पण तीत एक गफलत आहे. लग्नात शालू कोणत्या रंगाचा घ्यावा हा आवडीचा प्रश्न झाला. ज्या निर्णयामुळे पुढे तीस वर्षांनी एखाद्या स्त्रीला आपण आपल्याच बापाची मुलगी आहोत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते, त्या निर्णयाला आवडनिवड म्हणणे ही भाषेची चैन आहे.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राने या बाबतीत मोठा बोलका पुरावा मागे ठेवला आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नावाची मुलगी नऊ वर्षांची असताना गोपाळराव जोशी यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि आनंदी झाली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली ती आनंदीबाई जोशी यांनी. माहेरचे आणि सासरचे आडनाव एकच, म्हणून बदलण्यासारखे जे उरले होते तेवढे, म्हणजे तिचे स्वतःचे नाव, बदलले गेले. दुसरी यमुना कुर्लेकरांची. १८७३ मध्ये तिचा विवाह न्यायमूर्ती रानडे यांच्याशी झाला आणि इतिहासाला ती रमाबाई रानडे म्हणून ठाऊक आहे. स्त्रीशिक्षणाच्या दोन अग्रणी, दोघीही यमुना, आणि दोन्ही यमुना इतिहासातून लुप्त. आनंदीबाई कर्वे यांची कथा याहून विलक्षण. जोशांची गोदूबाई प्रथम विवाहाने नातू झाली, वैधव्यानंतर शारदासदनात शिकली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केल्यावर आनंदी कर्वे झाली. पुनर्विवाहासारखे धाडस करणाऱ्या, त्यासाठी बहिष्कार सोसणाऱ्या या जोडप्यालाही नव्या नावाची चाल मोडावीशी वाटली नाही. रूढी किती खोल असते याचे मोजमाप सुधारकांच्या घरातच घ्यावे. या सर्वांत पंडिता रमाबाई तेवढ्या वेगळ्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी जात, प्रांत आणि भाषा ओलांडून विवाह केला. पण जग त्यांना ओळखते ते स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या विद्वत्तेने मिळवलेल्या पदवीने.

पुढे विसाव्या शतकात बाळूताई खरे यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक लिहिले ते विभावरी शिरूरकर या नावाने. विवाहानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. एका बाईची ही तीन नावे. त्यांतले साहित्यात अजरामर झाले ते तिने स्वतः निवडलेले, आणि तेही लपण्यासाठी.

कायदा काय सांगतो हे पाहू गेल्यास आश्चर्य वाटावे. १९५४ चा विशेष विवाह कायदा किंवा १९५५ चा हिंदू विवाह कायदा यांपैकी कोणत्याही कायद्यात पत्नीने पतीचे नाव वा आडनाव लावले पाहिजे असे कलम नाही. पारपत्रासाठी विवाहानंतर नाव बदलण्याची गरज नाही, असे २०१७ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी जाहीर केले. जे कायद्याने कधीच आवश्यक नव्हते ते आता आवश्यक नाही अशी घोषणा देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदावरून करावी लागते, यातच सर्व आले. कायद्याच्या पुस्तकात नसलेली सक्ती कचेरीच्या खिडकीवर असते. छापील अर्जात ‘पतीचे नाव’ असा रकाना असतो, ‘पत्नीचे नाव’ असा सहसा नसतो. आणि तो रकाना कोरा ठेवणाऱ्या बाईकडे कारकून ज्या नजरेने पाहतो ती नजर कोणत्याही कलमापेक्षा परिणामकारक ठरते. परतीची वाट तर याहून बिकट. विवाहापूर्वीचे आडनाव पुन्हा घ्यायचे असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना हरकत पत्र आणा, असे सांगणाऱ्या केंद्रीय अधिसूचनेला २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान द्यावे लागले. पतीचे आडनाव घेताना कोणाचीही हरकत विचारली जात नाही. ते सोडताना मात्र ते त्याच्या मालकीचे होते हे उघड होते.

कायद्याची सक्ती आणि रूढीची सक्ती यांत फरक किती, हे जपानकडे पाहून कळते. तेथे १८९८ च्या दिवाणी संहितेने कुटुंबाला एक आडनाव दिले. युद्धोत्तर सुधारणांत, १९४७ मध्ये, पती किंवा पत्नी यांपैकी कोणाचेही एक आडनाव दोघांनी घ्यावे असे कलम झाले. कागदावर हे समतेचे कलम आहे. प्रत्यक्षात सुमारे ९५ टक्के विवाहांत आडनाव सोडते ती स्त्री. वेगवेगळी आडनावे ठेवण्याची मुभा द्यावी अशी शिफारस १९९६ मध्ये खुद्द न्याय मंत्रालयाच्या सल्लागार मंडळाने केली होती. ती संसदेत पुढे सरकली नाही, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये कलम घटनासंमत ठरवले. एका आडनावाने कुटुंब एकजीव राहते, हा तेथील सत्ताधाऱ्यांचा लाडका युक्तिवाद. तोच युक्तिवाद पुण्याच्या किंवा नागपूरच्या दिवाणखान्यातही ऐकू येतो. उलट कॅनडाच्या क्वीबेक प्रांतात १९८१ पासून विवाहाने स्त्रीचे कायदेशीर नाव बदलतच नाही, आणि ग्रीसने १९८३ मध्ये तोच मार्ग धरला. या दोन समाजांत कुटुंबे केवळ त्या कारणाने मोडून पडल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही.

नाव ही नागरिकत्वाची पहिली पायरी आहे, हे स्वतंत्र भारताला पहिल्याच निवडणुकीत कळून चुकले होते. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या होत असताना उत्तर व मध्य भारतातील असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. सेन यांचा आग्रह योग्य होता आणि त्याची किंमत त्या स्त्रियांनी मोजली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. अमेरिकेत याच्या उलट घडले होते. ल्यूसी स्टोन या गुलामगिरीविरोधी वक्त्या स्त्रीने १८५५ मध्ये विवाहानंतरही आपले नाव कायम ठेवले. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शाळासमितीच्या निवडणुकीत स्त्रियांना मत मिळाले तेव्हा पतीच्या आडनावाने सही केल्याखेरीज तिची नोंद होईना, आणि तिने मत सोडले, नाव सोडले नाही.

ही सारी जुनी गोष्ट झाली असे मानण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने लाडकी बहीण योजना आणली तेव्हा तिच्या अर्जात महिलेचे लग्नापूर्वीचे संपूर्ण नाव आणि लग्नानंतरचे संपूर्ण नाव अशा दोन ओळी होत्या. शासनाला दोन ओळी छापाव्या लागल्या, कारण एका बाईची दोन माणसे झाली आहेत हे शासनालाही माहीत आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे, बँकेत त्याच दुसऱ्या नावाचे तिसरेच स्पेलिंग. ही तिन्ही एकाच देहाची आहेत हे पटवून देण्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालायचे, मुद्रांकाचे आणि लिहिणावळीचे पैसे भरायचे, ते तिनेच. तिच्या नवऱ्याला या खिडकीवर कधी उभे राहावे लागत नाही.

परंतु खरा घाव बसतो तो जमिनीवर. हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून मुलगी पित्याच्या स्वतःच्या मालमत्तेची वारस आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना आणि केंद्राने २००५ मध्ये सर्व मुलींना मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ पूर्वी वडील वारले असले तरी तो हक्क अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा एवढा पुढे आला. गावात मात्र वडिलांचा दिवसपिंड होतो, वारसनोंदीचा अर्ज जातो, आणि बहिणींची नावे एक तर त्यात येत नाहीत किंवा आली तर पाठोपाठ हक्कसोडपत्र येते. त्या दिवशी बहिणीला साडीचोळी मिळते, जेवण मिळते, आणि भाऊ गाडीपर्यंत पोचवायला येतो. हे सगळे नावामुळे होते असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल. माहेर तुटेल ही भीती, भावावर उद्या वेळप्रसंगी विसंबावे लागेल ही जाणीव, हीच त्याची मुख्य कारणे आहेत. पण ज्या बहिणीला हक्क सोडायचा नसतो, तिच्यापुढे पहिली धोंड उभी राहते ती नावाची. गावच्या नोंदीतली मुलगी आणि दारात आलेली परगावची बाई या दोन नसून एकच, हे आधी तिला शाबीत करावे लागते. भावाला काहीच शाबीत करावे लागत नाही. त्याचे नाव म्हणजेच त्याचा पुरावा. ज्या विधीने मुलगी ‘परक्याचे धन’ होते त्या विधीची कागदोपत्री पूर्तता आडनाव बदलण्याने होते, आणि म्हणून सातबाऱ्याच्या उताऱ्याकडे न पाहता आडनावाची चर्चा करणे व्यर्थ आहे.

समाजवादी चळवळीलाही या बाबतीत आत्मपरीक्षण चुकत नाही. मृणाल गोरे मूळच्या मोहिले, प्रमिला दंडवते करंडीकर; कम्युनिस्ट पक्षात गोदावरी परुळेकर गोखले होत्या आणि अहिल्या रांगणेकर रणदिवे. यांतल्या काहींनी १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात हजारो स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले; या नेत्या कोणाच्या सावलीत वाढल्या नाहीत, आणि सासरच्या आडनावाने त्यांच्या कर्तृत्वाला यत्किंचितही उणेपणा आलेला नाही. मुद्दा त्यांचा नाहीच. मुद्दा चळवळीचा आहे. राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात वाढलेल्या तरुणांनी हुंडा नाकारला, मानपान नाकारला, हार घालून नोंदणी पद्धतीने लग्ने केली, पुष्कळांनी जातही ओलांडली. एवढे सारे मोडून झाल्यावर आडनाव तेवढे न मोडता राहिले, कारण ते मोडण्यासारखे काही आहे हे पुरुष कार्यकर्त्यांच्या ध्यानातच आले नाही. आंतरजातीय विवाहातील मुलगी पतीचे आडनाव घेऊन पतीच्या जातीत जमा होते आणि हिशोब पुन्हा जुळतो. जात मोडायला निघालेल्या विवाहाने एका जातीची शिरगणती एकाने वाढवावी, हा विरोधाभास फारसा कोणाला टोचला नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, माहेरचे आडनावसुद्धा शेवटी एका पुरुषाचे, बापाचे. मग बापाचे ठेवले काय आणि नवऱ्याचे घेतले काय. हा आक्षेप चतुर आहे, एवढेच त्याचे गुण. भावाचे आडनावही बापाचेच असते. ते उसने आहे असे त्याला कोणी ऐकवत नाही. ज्या नावाने एखादी व्यक्ती शिकली, कमावती झाली, चारचौघांत ओळखली जाऊ लागली, ते नाव आले कोठूनही असो, ते तिचे झालेले असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो चळवळीतूनच येतो : आडनाव हे जातीचे पाटीदार आहे, तेव्हा ते टिकवण्याऐवजी सर्वांनीच टाकावे. १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत स्वाभिमान चळवळीने जातिवाचक पदव्या टाकण्याचा ठराव केला आणि तमिळ समाजाने तो बऱ्याच अंशी अमलात आणला. १९७४ च्या बिहार आंदोलनातही अनेक तरुणांनी आडनावे टाकली. हे मोठेच काम होते. तथापि तमिळनाडूतील स्त्रीच्या नावामागे असलेले पित्याचे नाव किंवा आद्याक्षर विवाहानंतर पुष्कळदा जाते आणि तेथे पतीचे येते. जात गेली तरी पती उरतो. एक रोग बरा झाल्याने दुसरा आपोआप बरा होत नाही.

मात्र ज्या स्त्रीला स्वखुशीने नाव बदलायचे आहे तिला मागास ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या घरात मारहाण सोसली त्या घराचे आडनाव टाकताना एखादीला मोकळे वाटत असेल. आपल्या आडनावावरून जात ओळखून घर नाकारणाऱ्या शहरात एखाद्या दलित मुलीने पतीचे आडनाव ढालीसारखे वापरले, तर लाज वाटावी ती त्या शहराला. आणि तीस वर्षे एका नावाने संसार व नोकरी केलेल्या स्त्रीला, घटस्फोट झाला म्हणून ते नाव सोड असे सांगणे ही आणखी एक सक्तीच होय. म्हणून मागणी एवढीच असली पाहिजे की, काहीही न करणाऱ्या स्त्रीचे नाव जसेच्या तसे राहावे. बदलायचे असेल तर तिने, किंवा त्याने, अर्ज करावा. आणि दोन नावांची व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर न टाकता जन्मनोंद आणि विवाहनोंद एकमेकींस जोडून शासनाने उचलावा. भारताने १९९३ मध्ये स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. कुटुंबनाम निवडण्याचा पतीइतकाच हक्क पत्नीला देणारे कलम त्यात आहे. त्या कलमाबाबत समाजांच्या खाजगी बाबींत हस्तक्षेप न करण्याची पळवाट भारताने त्याच वेळी नोंदवून ठेवली, हेही सांगितले पाहिजे.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाईल. सातबारासुद्धा त्यात आला. विवाहित स्त्रियांना मालमत्तेच्या दस्तऐवजांत विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही त्याच निर्णयाने दिली आणि तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु विवाहित स्त्रियांच्या बाबतीत तिचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही प्रचलित पद्धत पुढे चालू राहील, असेही त्यातच म्हटले आहे. या दोन वाक्यांची गाठ कधी पडेल याचा हिशोब मांडण्यासारखा आहे. त्या मे महिन्यात जन्मलेली मुलगी आजच्या कायद्याने विवाहयोग्य होईल ती २०४२ साली. तोपर्यंत तिच्या नावात आई असेल. विवाहाच्या दिवशी प्रचलित पद्धतीने आई आणि बाप दोघेही तिच्या नावातून निघतील. त्याच घरातल्या तिच्या भावाच्या नावात मात्र आई अखेरपर्यंत राहील. म्हणजे आईचा मान राखणाऱ्या या निर्णयाने तो राखण्याचे काम मुलाकडे सोपवले आहे. २०४२ ला अद्याप पुष्कळ अवकाश आहे, आणि निर्णयातले एक वाक्य खोडण्यास तेवढा लागू नये.